दादाचं टमरेल

संजयचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या माझ्या बियाणांच्या दुकानात होते. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. मागच्या हंगामात कांदा उगवलाच नाही, अशी त्याची तक्रार चालली होती. संजय म्हणजे माझा भाचा, दादाचा मुलगा. "आत्या, आप्पा गेले," एवढंच म्हणाला. मी "येते" म्हटलं, गिऱ्हाइकाला बियाणं दिलं, शटर ओढलं आणि न्हावऱ्यावरून जाणारी दौंडची एस.टी. धरली. रडू आलं नाही. रागच इतका आला होता की रडायला जागा नव्हती.

दादाची वस्ती दौंडपासून थोडी आत, कालव्याच्या कडेला. पोचले तर ओट्यावर पुरुष, आत बाया, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. देवमाणूस गेला. वेळ भरली होती. कुणी म्हणे, दादा कधी कुणाला उणा शब्द बोलला नाही. साफ खोटं. मला तो जन्मभर उणे शब्द बोलला आणि मीही ते परत केले. आणि वेळबिळ काही भरली नव्हती. अठ्ठावन्न हे काय जायचं वय आहे? दादा आतड्याच्या कॅन्सरनं गेला. जो रोग मुगाच्या दाण्याएवढा असताना दुर्बिणीनं बघून काढून टाकता येतो, त्या रोगानं गेला, आणि लाजेपायी गेला. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. न लिहिण्याचा, न बोलण्याचा आमच्या घरात काय परिणाम झाला ते बघितल्यामुळे मी लिहिते आहे.

आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कालव्याचं पाणी आल्यावर मेंढरं विकून जमीन कसायला घेतली. त्याआधीचं फिरतं बिऱ्हाड मला धूसर आठवतं. घोडीवर वाकळांचा ढीग, त्यावर मी, माझ्या मांडीत एक कोकरू आणि पुढे दोरी धरून चालणारा दादा. घोडी पांढरी होती की करडी, ते मला सांगता यायचं नाही. दादाला सगळं यायचं. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा, त्यामुळे आमच्या लहानपणाचा मालक तोच. घोडीचं नाव, कुत्र्यांची नावं, कुठल्या ओढ्याला पूर आला, मी कुणाच्या शेतातल्या काकड्या चोरल्या... सगळं त्यालाच पाठ. चाळिशी ओलांडल्यावर मला काही आठवेनासं झालं की मी त्याला फोन करायची. "लई शिकलीस, आन् घोडीचं नाव इसरलीस व्हय?" म्हणत तो ऐटीत सांगायचा. खरं-खोटं करायला तिसरं कुणी उरलं नव्हतं.

मी अठ्ठेचाळीसची असताना अंगातलं रक्त कमी झालं म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "वडील कशानं गेले?" घरात सांगत आले होते की आबा पोटात वारं धरून गेले. पण माझ्या डोळ्यांपुढे दुसरंच उभं राहिलं. पहाटेचा ओढा, बाभळीखालचा दगड, आणि आई आबांची धोतरं वेगळी धुतेय. पाण्यात लाल. तेव्हा मी आठ वर्षांची. मी तेवढं सांगितलं आणि डॉक्टरांनी मला पुण्याला धाडलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं, घन काही खायचं नाही, दुसऱ्या दिवशी गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं बघतात. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. माझ्या आतड्यात मांसाचा एक कोंब, पॉलिप, सापडला. तिथल्या तिथे काढला. तसाच राहिला असता तर पुढे कॅन्सरचा झाला असता, असं सांगून डॉक्टर म्हणाले, भावाला आणा. त्याला त्रास असो नसो.

त्याच रविवारी मी वस्तीवर गेले. दादा डाळिंबावर फवारणी करून हातपाय धूत होता. ओट्यावर शेजारचे दोघं बसलेले. मी सगळं सांगितलं. ते दोघं जमिनीकडे बघायला लागले आणि दादा हसत सुटला.

"आगं, सरकार कालव्यात बघंना, आन् तू माझ्या मागनं दुर्बीण लावतीस?"

"आबांना तेच झालं होतं दादा. धोतरं आठवत नाहीत?"

"कुटली धोतरं?" त्याचं हसू थांबलं. "आबा वाऱ्यानं गेले. तू यवढीशी व्हतीस. तुला काय आठवतंय? शेंबूड आठवतोय का सोताचा?"

सगळे हसले. घरचा आठवणींचा मालकच नाही म्हणाला म्हटल्यावर माझंही मन डळमळलं. लाल होतं ते रक्तच होतं की जत्रेतला गुलाल? आई होती की आणखी कुणी? वय वाढलं की असं होतं. लहानपणाचं चित्र तसंच राहतं, पण आपण त्याला जामीन राहू शकत नाही.

या माणसाचं डाळिंब बघा. तेल्या रोग पानावर दिसायच्या आधी फवारायचं, हे त्याला माझ्या दुकानात शिकवावं लागलं नाही. उलट तोच इतर गिऱ्हाइकांना ओरडायचा, "डाग दिसल्याव काय फवारता? तवा पूजा घाला." त्याची एक फवारणी चुकली नाही. स्वतःच्या अंगाला मात्र हा न्याय नाही. पुढच्या वर्षी त्याला रक्त पडायला लागलं तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की मूळव्याध आहे, उष्णतेची. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कुणी मुळ्या विकतो, त्या आणून कमरेला बांधल्या. वर ताक आणि सब्जा. संजयनं घरात संडास बांधला होता, फरशी बसवली होती. दादा तिकडे फिरकला नाही. रोज सकाळी ते पत्र्याचं टमरेल उचलायचं आणि उसाकडे चालू पडायचं. उसात कोण बघतंय? आपणही बघायचं नाही. शेवटी वहिनीनं त्याचं लेंगा-धोतर बघितलं आणि मला फोन केला. तीही कुजबुजत, घरात दुसरं कुणी नसताना.

मी भांडून पुण्याची तारीख घेतली. औषधाची पुडी हातात दिली, काय प्यायचं, काय खायचं नाही ते दोनदा सांगितलं. दादा कुरकुरत का होईना, तयार झाला. आणि नेमकी आदल्या दिवशी पाटसला जत्रा. पाटसला संजयची सासुरवाडी. त्याचे सासरे तात्या, म्हणजे दादाचे व्याही, स्वतः येऊन निमंत्रण देऊन गेले. व्याह्यांच्या जत्रेला जायचं नाही म्हणजे तर आकाशच कोसळलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात दादाला आत नेलं आणि थोड्याच वेळात डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, पोट साफच नाही, आत काही दिसत नाही, पुन्हा तयारी करून या. मी बाकड्यावर दादाशेजारी बसले.

"काय खाल्लंस?"

"कायबी न्हाई."

"दादा..."

"दोन भाकरी. रस्सा." मग थोड्या वेळानं, "आन् मटनाची नळी."

"आणि औषध?"

"जेवल्याव ते गोडखारट कोण पेतंय?"

"तुला नाही म्हणता आलं नाही?"

"तात्या सोता वाढाय उभं राह्यलं. न्हाई म्हणलं तर इचारलं आसतं, का म्हून. चारचौघांत काय सांगू? उद्या मागनं दुर्बीण घालायचीय म्हून सांगू व्हय? पोराची सासुरवाडी हाय ती."

तर हे असं. दादाच्या जिवाचा निकाल पाटसच्या पंगतीत लागला. आमच्याकडे वाढणारा हात मागे घेत नाही आणि जेवणारा ताटावर हात धरत नाही. धरला तर कारण द्यावं लागतं. उपास आहे म्हणावं तर जत्रेच्या दिवशी कसला उपास? साधा जुलाब लागलाय म्हणायचं होतं. तेही तोंडातून निघालं नाही, कारण तेही तिथलंच. मटणाच्या एका वाढणीला नाही म्हणायची ज्या माणसात धमक नाही, त्याला आता लोक देवमाणूस म्हणतात. मग पुन्हा तारीख घेऊ म्हणाला. मग डाळिंबाची तोडणी आली. मग कुणाचं तरी लग्न. मी फोन केला की वहिनीला पुढे करायचा, "रानात हायेत म्हून सांग." मागून त्याचाच आवाज ऐकू यायचा.

वर्षभरानं आतडं अडलं आणि ओढत न्यावं लागलं तेव्हा रोग काळजापर्यंत, म्हणजे लिव्हरपर्यंत गेला होता. ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी लागली. हातातलं टमरेलही कुणाला दिसू नये म्हणून जो उसात जायचा, त्याला पोटावर पिशवी घेऊन पाहुण्यांसमोर पडावं लागलं. एका दुपारी मी पिशवी बदलत होते, खोलीत दोघंच होतो. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला,

"धोतरं आई न्हाई धुवायची. मी धुवायचो."

मी हात थांबवला नाही.

"आबांनी शपथ घातली व्हती. कुणाला कळू द्यायचं न्हाई. आईलाबी न्हाई. पहाटं उठून मी वड्याला जायाचो... तू मागनं यायचीस. म्हून तुला आठवतंय."

"मग मला वेडी का ठरवलंस?"

"शपथ व्हती."

पंधरा वर्षांचा मुलगा बापाची धोतरं लपून धुतो आणि तोंड बंद ठेवतो. त्या मुलाबद्दल मला वाईट वाटतं, आजही वाटतं. पण पंचावन्न वर्षांच्या माणसानं मेलेल्या बापाची लाज राखायला स्वतःचा जीव दिला, यात कौतुकाचं काय आहे ते मला कुणी सांगावं. शेवटच्या दिवसांत पाहुणे पिशवीकडे न बघता विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि दादा म्हणायचा, "झ्याक."

तेराव्याला पंगत बसली. दुसऱ्याच दिवशी पुण्यात संजयची दुर्बीण होती. तारीख मी घेतली होती, डॉक्टरांकडे तीच मिळाली. संजय कारेगावला राहतो, रांजणगावच्या कंपनीत कामाला आहे. तो ताटापुढे नारळाचं पाणी घेऊन बसला होता. तात्या बुंदीची बादली घेऊन आले.

"जावईबापू, घासभर तरी. आप्पांच्या नावानं."

संजयनं माझ्याकडे बघितलं. बापाचंच तोंड, बापाचाच घोटाळा. हात ताटावर धरायचा की नाही... मी उठून उभी राहिले.

"तात्या, वाढू नका. उद्या त्याच्या मागून दुर्बीण घालणार आहेत. दादाला तुमच्या जत्रेत वाढलंत, तेव्हा त्याला हे सांगायची लाज वाटली. मला वाटत नाही."

पंगतीत सगळ्यांचे घास थांबले. वहिनीनं पदर तोंडाला लावला. तात्यांचा चेहरा उतरला. ते बादली घेऊन पुढच्या ताटाकडे गेले आणि तिथं दुप्पट वाढलं. कुणी एक अक्षर विचारलं नाही. त्या रांगेत पन्नाशी गाठलेले कितीतरी जण होते, आणि मूळव्याधीच्या मुळ्या त्यातल्या किती जणांच्या कमरेला होत्या देव जाणे. सगळे खाली बघून जेवत राहिले.

निघताना वहिनी मागच्या पडवीतलं सामान भंगारात काढत होती. खिळ्याला टमरेल लटकत होतं. मी ते मागून घेतलं. तिला वाटलं मला भरून आलंय. मी म्हटलं, कढीपत्त्याला पाणी घालायला होईल.

पुण्यात संजयच्या आतड्यात दोन कोंब निघाले आणि काढलेही, हे सांगून टाकते. पण सांगायचंय ते आदल्या संध्याकाळचं. तेराव्याहून तो थेट माझ्या घरी, शिरूरला आला होता. औषधाचा पेला संपला की संडासात धाव, आला की पुढचा पेला. मी समोर खुर्ची टाकून बसले होते, पाटसचं कुणी येऊ नये म्हणून. टमरेल मी आणल्या आणल्या संडासातल्या नळाखाली ठेवलं होतं. थोड्या वेळानं आतून आवाज आला.

"आत्या, हे आप्पांचं ना? हितं कशाला आणलंय?"

"राहू दे. त्याला पोचा आहे बघ एका बाजूला. कसा पडला, माहितीये?"

"न्हाई. आप्पा कधी बोलले न्हाईत."

मलाही नक्की माहीत नाही. मला वाटतं घोडीनं पाय दिला. दादा असता तर म्हणाला असता, तूच फेकून मारलंस मला. विचारायला आता कुणी नाही.

"बस मग निवांत," मी म्हटलं, आणि खुर्ची दाराजवळ ओढून, शेजारपाजारच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, बंद दारातून त्याला सांगायला लागले. आमच्याकडे एक घोडी होती...