विमानाचा दिवा

आमचा लॅपटॉप रोज सकाळी नियमित सुरू व्हायचा. फक्त जगाशी त्याचा संबंध सुरू व्हायचा नाही.

मी निवृत्त विज्ञानशिक्षक. मिठबावला घर, घराभोवती माड, घरात मी आणि माझी बायको सुनंदा. एकुलती एक मुलगी मुक्ता कॅनडात असते. जाताना तिनं कॉलेजातला आपला जुना लॅपटॉप आमच्यासाठी ठेवला आणि त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली घालून दिली. "बाबा, ह्या कोणाच्या मालकीचा नाय. फुकट मिळता. कोणीय वापरूचा, कोणीय दुरुस्त करूचा," असं ती म्हणाली. मला ते फार आवडलं. आमच्या गावच्या विहिरीसारखं वाटलं. (गावच्या विहिरीची दुरुस्ती शेवटी कोण करतं, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं!)

दर रविवारी तिन्हीसांजेला मुक्ता त्या लॅपटॉपवर दिसायची. दिसायची, हे महत्त्वाचं. माझा मोबाईल बटणांचा, त्यात ती नुसती ऐकू येते. सुनंदाचा चांगला होता, पण पाणी काढताना तो विहिरीत पडला आणि खाली गेल्यावरही थोडा वेळ वाजत होता, असं ती अजून शपथेवर सांगते. तेव्हा लेकीचं तोंड बघायचं तर लॅपटॉपशिवाय गती नाही.

त्यात यंदा मुक्तानं चवथीसाठी रजा मागितली होती. गेली तीन वर्षं ती आली नव्हती. गणपतीवर जी माटी, म्हणजे लाकडी चौकट, टांगतात, तिला रानातली कवंडळं, सुपाऱ्या, आंब्याचे टाळे बांधायचं काम आमच्याकडे तिचं. लहानपणापासून स्टुलावर उभी राहून सगळ्यांवर हुकूम सोडत बांधायची. ती गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं, आणि माझ्या मानेला डॉक्टरनं पट्टा दिलाय. मान वर होत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या गणपतीवरची माटी एका बाजूला भरगच्च आणि दुसऱ्या बाजूला टक्कल पडल्यासारखी झाली होती.

तर अशा ऐन मोक्याच्या दिवसांत, एका सकाळी पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह करडं पडलं आणि खाली अक्षरं आली, 'वायरलेस बंद आहे'. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. वायरलेस बंद. उलटा करून पुसला. बंद. शेवटी वर्गात वापरायचो तो आवाज काढून त्याला दम दिला. तरी बंद!

"कोणाक बोलतास ओ?" सुनंदानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"लॅपटॉपाक."

"मगे बोला. माका वाटला माका."

गावातल्या नेटच्या तारा दिगू वायरमन सांभाळतो. त्याला बोलावलं. त्यानं लॅपटॉपकडे बघितलंच नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, उभा राहून त्यानं आमच्या माडाकडे बघितलं.

"मास्तर, माड आड येता."

"अरे, वायफाय घरातल्या घरात चलता. माड भायर आसा."

"तार माडाच्या अंगावरसून येता मां?"

"येता."

"मगे!"

शास्त्रीयदृष्ट्या यात काडीचा अर्थ नव्हता. पण माझ्याकडे त्या क्षणी दुसरं शास्त्रही नव्हतं. पावसानं उघडीप दिली होती, दिगू माडावर चढला आणि चुडतं (झावळ्या) तोडायला लागला. चुडतं झाली, मग "वर इलंयच हा तर" म्हणून त्यानं नारळही पाडायला घेतले. एक नारळ पडवीच्या पत्र्यावर पडला, तिथून उसळला आणि थेट नेटच्या तारेवर आला. तार तुटली. आता आमच्याकडे वायरलेसही नव्हतं आणि वायरही नव्हती!

त्या रविवारी मुक्ता दिसली नाही. बटणांच्या मोबाईलवर तिचा फोन आला. तो आम्ही दोघांनी एकेक कान लावून ऐकला, त्यामुळे आमची डोकी एकमेकांना चिकटली. (लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्ही इतके जवळ नाही!) "रजेचा पुढच्या आयतवारी कळतला, आई," ती म्हणाली. सुनंदानं फोन ठेवला आणि काळ्या पडद्यावरची धूळ पदरानं पुसली.

दिगूनं तार जोडली. घरातला नेटचा लुकलुकणारा डबा पुन्हा हिरवा झाला. लॅपटॉप चालू केला. वायरलेस बंद.

"मास्तर, आता एकच उपाय. गाऱ्हाणा घालूया."

"दिगू, मी विज्ञानाचो शिक्षक आसंय."

"म्हणान तर ही पाळी इली."

मी नको म्हणेपर्यंत सुनंदानं नारळ आणला. (नारळांना आता तोटा नव्हता.) दिगूनं तो लॅपटॉपसमोर ठेवला, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ह्या मास्तराच्या डब्यात जी काय इडापिडा आसात, ती दूर कर म्हाराजा!" सुनंदा म्हणाली, "व्हय म्हाराजा!" कुंपणापलीकडून शेजारचेही म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी हात जोडले नाहीत. माझी मान खाली गेली हे खरं, पण ती पट्ट्यामुळे.

देव ऐकत नाही म्हटल्यावर मुक्ताला फोन लावला. तिनं मला पडद्यावर एक काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक इंग्रजी अक्षर सांगत आज्ञा लिहायला सांगितली. त्यावर यंत्रानं पासवर्ड मागितला. मी दाबतोय, पण एक अक्षर उमटेल तर शपथ! मी बटणं जोरात दाबली. मग बोट बदललं.

"बाबा, ता दिसणा नाय. तसाच लिवा नि एंटर मारा."

"माका दिसल्याशिवाय माझो विश्वास बसणा नाय."

"ता ठावक आसा. तुमी देवाबद्दल पण ह्याच म्हणतास. मारा एंटर!"

मारला. यंत्रानं उत्तर दिलं. ते मी वाचून दाखवल्यावर मुक्ता म्हणाली, "यंत्र बरा आसा बाबा. तेका कोणीतरी गप ऱ्हव म्हणान सांगलला आसा, म्हणान ता गप ऱ्हवला." तिनं दुसरी आज्ञा सांगितली, ती लिहिली, आणि कोपऱ्यातलं चिन्ह उजळलं! मी उठून उभा राहिलो. सुनंदाला हाक मारली. दिगूला फोन केला. त्या संध्याकाळी देवळाच्या पारावर मी लिनक्स या विषयावर इतकं बोललो, की ऐकणारे दोघं उठून पाराच्या पलीकडच्या टोकाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप सुरू केला. वायरलेस बंद.

मग हे रोजचंच झालं. सकाळी मी आज्ञा लिहायची, यंत्रानं दिवसभर नीट वागायचं, संध्याकाळी मी पारावर जाताना ते चालू ठेवून जायचं, तिन्हीसांजेला सुनंदानं ते बंद करायचं (कसं बंद करायचं ते मीच तिला शिकवलं होतं, मोठ्या अभिमानानं), आणि सकाळी पुन्हा पहिले पाढे! सुनंदा चहा देताना विचारायची, "आज काय म्हणता?" आजारी माणसाबद्दल विचारावं तसं. मी मान हलवायचो. म्हणजे पट्ट्यात जितकी हलेल तितकी.

शेवटी मुक्ताच म्हणाली, "बाबा, ह्या मशीन शेवटची गजाल ध्यानात ठेवता. बंद करताना वायरलेस चालू आसला तर दुसऱ्या दिवशी चालू. बंद आसला तर बंद. घरात कोणतरी संध्याकाळचो तेका बंद करता."

घरात कोण? मी, सुनंदा आणि मांजर. मांजराला कीबोर्डवर झोपायची सवय आहे, म्हणून आधी मी मांजराला पडवीत बांधलं. त्यानं रात्रभर जो आक्रोश केला, तो शेजाऱ्यांनी सकाळी मला शब्दांत सांगितला. वायरलेस बंदच. मग दिगूवर संशय घेतला. तो दोन दिवस आधीच देवगडला बहिणीकडे गेला होता. राहता राहिली...

छे! सुनंदा त्या यंत्राला हात लावायचा तर आधी हात धुते.

तरी शनिवारी मी छत्री घेतली, "पारार जातंय गो" असं ओरडलो, घराला वळसा घालून मागीलदारी आलो आणि खिडकीखाली उभा राहिलो. चपला चिखलात रुतल्या. डास चावत होते. स्वतःच्या घरात चोरासारखं वाकून बघणाऱ्या माणसाला मानेचा पट्टा फार नडतो. मान वाकत नाही, म्हणून सगळा माणूस वाकवावा लागतो!

सुनंदानं तुळशीत दिवा लावला. आत आली. हात धुतले, पदराला पुसले. लॅपटॉपवरचं भरतकामाचं फडकं बाजूला केलं, त्याच्यापुढं अबोलीचं फूल ठेवलं आणि एका बोटानं, अगदी हळू, एक बटण दाबलं. त्या बटणावर इवलासा नारिंगी दिवा लागला. तिनं हात जोडले.

"हाड रे बाबा माझ्या मुक्ताक घराक. ह्या चवथीक तरी हाड."

आणि मग, मी शिकवलं होतं तसं, तिनं लॅपटॉप बंद केला.

मी खिडकीतूनच बोललो. "गो, ह्या काय करतंस?"

ती दचकली, पण लाजली नाही. "दिवो लावतंय."

"खंयचो दिवो?"

"विमानाचो."

मी आत गेलो. (मागच्या दारानं, चिखलासकट. एरवी यावरून केवढं ऐकावं लागलं असतं!) चष्मा लावला. कीबोर्डच्या वरच्या रांगेत, अगदी उजवीकडे, बटणावर एक इवलंसं विमान काढलेलं होतं. इतके दिवस मी त्या यंत्राशी झुंजत होतो, आणि त्याच्या बटणांकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"सुनंदा, विमानात बसल्यार दाबूचा बटण ता. ता दाबला काय वायरलेस बंद जाता!"

"माका काय ठावक? मुक्ता जाताना विमानतळार म्हणाली नाय, आता फोन विमानावर टाकतंय, उतारलंय काय तुमका फोन करतंय? त्या फोनार ह्याच चित्र होता. मगे त्या दिवशी पुसताना माझ्या हातान चुकान दाबला गेला, दिवो पेटलो. नि त्याच सांजेक तिचो फोन इलो, आई, रजा टाकलंय म्हणान. तीन वर्सांत पयल्यांदा! उजवो कौल तो."

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली की देवाचा होकार. बटणही उजवीकडचंच होतं. वाद घालायला मला जागाच नव्हती.

"ह्येका योगायोग म्हणतत," मी म्हणालो.

"म्हणांदेत. माका दिवो लावल्यार बरा वाटता."

आता पंचाईत अशी, की दिवा पेटता ठेवला तर मुक्ता दिसणार नाही, आणि मुक्ताला बघायचं तर दिवा विझवायला हवा. दुसऱ्या दिवशी रविवार. सुनंदानं अबोलीचं फूल उचलून हातात घेतलं. मग म्हणाली, "उद्या इझवा. तिका बघल्याशिवाय माका ऱ्हवना नाय. पण तुमच्या हातान इझवा. मी इझवचंय नाय."

रविवारी मी दिवा विझवला. चिन्ह उजळलं. मुक्ता दिसली! केस कापले होते, गालांची हाडं वर आली होती.

"जेवलंस?" सुनंदानं विचारलं.

"आई, हय सकाळ आसा."

"मगे न्याहारी?"

मुक्ता हसली. मग म्हणाली, "रजा नाय गावली, आई. नवीन काम सुरू जाला हा. पुढच्या वर्साक नक्की." आणि लगेच, विषय बदलावा म्हणून, "खिडकीतलो तो माड असो कित्या दिसता? बाबा, माडाक काय केलात?"

"हवा खेळती ठेवली," मी म्हटलं.

"माटी कोण बांधतलो?"

"दिगू. माडार चढता, स्टुलार चढात."

ती खूप हसली. हसता हसता डोळे पुसले. आमच्याकडेही तेच झालं. पण पडदा छोटा आहे, तिला दिसलं नसावं.

फोन संपल्यावर सुनंदा उठली. रागावली नाही, रडली नाही. भाताला पाणी ठेवताना सहज म्हणाली, "दिवो इझवलात. मगे काय होतला?"

माझ्याकडे उत्तर होतं. नाणं उडवून छापा-काटा दाखवत मी पोरांच्या किती पिढ्यांना योगायोग शिकवला! पण मी तांदूळ पुढ्यात घेतले आणि खडे निवडायला बसलो. मलाही मुक्ताची आठवण येते. रोज येते. सुनंदा ती हात जोडून बोलते, आणि मी माड सोलतो, तारा तोडतो, मांजराला बांधतो.

सोमवारी मुक्तानं फोनवर कायमचा उपाय सांगितला. ही एक आज्ञा लिहून ठेवली, की मशीन सुरू होताच वायरलेस आपोआप चालू. दिवा पुन्हा कधी आडवा येणार नाही. मी सगळं नीट ऐकून घेतलं, हो हो म्हटलं, आणि लिहिलं काहीच नाही.

तेव्हापासून मी तिन्हीसांजेला पारावर जात नाही. तुळशीतला दिवा सुनंदा लावते आणि विमानाचा मी. सकाळी ज्या यंत्राला मी आज्ञा देऊन जागं करतो, त्यालाच संध्याकाळी स्वतःच्या बोटानं गप्प करतो. अख्ख्या तालुक्यात वायफाय बंद करण्यासाठी हात धुणारा विज्ञानशिक्षक मी एकटाच असेन.

परवा सुनंदानं मागून येऊन विचारलं, "मान खाली घालून कसला पुटपुटतास?"

"खंय काय? पट्टो आवळता, म्हणान मान खाली गेली."

तिनं माझ्या मानेकडे बघितलं, मग भिंतीकडे. पट्टा खुंटीवर होता.