दुकानं सुधारणारे मामाजी

नेरच्या बाजारात माझ्या बायकोच्या मामांनी सुधारलं नाही असं एकही दुकान नसेल. आणि त्यांना लांबून येताना पाहून आधी हसला व मग आत पळाला नाही असा दुकानदारही नसेल. वीज कार्यालयातली नोकरी संपली की माणसं घरी बसतात. मामाजी थेट बाजारात आले. माझं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान. जळालेली मोटर खोलायची, तार नव्याने भरायची, पाण्याच्या टाक्यात सोडून चालवून बघायची, हा माझा धंदा. "जावईबापू, कायले एवढी धावपळ करून राह्यले तुमी?" स्टूल ओढत ते म्हणत, "फोनले करू द्या नं काम!"

सल्ले उपयोगी असत, हे कबूल. मोटर खोलण्याआधी तिचा फोटो काढायचा आणि त्यावर मालकाचं नाव टाकायचं. एवढ्या एका सवयीने एकाचे बोल्ट दुसऱ्याच्या मोटरीला बसणं बंद झालं. पण मामाजी उपयोगी सल्ल्यावर थांबणारे नव्हते. तार भरताना लक्ष ढळू नये म्हणून दुपारी फोन उचलायचा नाही, असा नियम त्यांनी घालून दिला, आणि तो मी पाळतो का हे पाहायला दुपारीच फोन केला. मी उचलला. "उचलला काहून? ही तुमची न उचलायची वेळ हाय!" दुसऱ्या दिवशी नाही उचलला, तर धापा टाकत दुकानात हजर. "तब्येत बरी हाय नं?" पुढे त्यांनी माझ्या फोनवर आपोआप उत्तर जाण्याची सोय केली. त्याच आठवड्यात मेव्हण्याने मुलगी झाल्याचं कळवलं आणि त्याला तत्काळ उत्तर गेलं: 'निरोप मिळाला. बिघाड तपासून चार दिवसांत कळवतो.' सासुरवाडीत बरंच काही झालं. मामाजी मात्र खूश. "उत्तर तं वेळेवर गेलं नं?"

मामी होत्या तोवर या समाजसेवेला जेवणाची वेळ तेवढी एक मर्यादा होती. नवरा कुठल्या दुकानात अडकलाय हे ठाऊक नसल्याने आणि तो फोनही उचलत नसल्याने त्या त्याच्यासकट साऱ्या बाजाराला व्हॉईस मेसेज पाठवत. गेल्या हिवाळ्यात मामी गेल्या. तेरवीनंतर मामाजी पुन्हा येऊ लागले, पूर्वीपेक्षा लवकर, आणि उशिरापर्यंत बसू लागले. आम्हीही आत पळणं सोडलं.

एकदा टाक्यातल्या मोटरीचा व्हिडिओ गिऱ्हाइकाला कसा पाठवायचा हे दाखवायला ते वाकले आणि फोन निसटून पाण्यात गेला. मोटर बंद करून मी तो काढला. तो पुरता गेला होता. "तुमचा तर बॅकअप असेल," मी हसत म्हटलं. मामाजी हसले नाहीत. साऱ्या बाजाराला बॅकअप घ्यायला लावणाऱ्या माणसाचा स्वतःचाच घ्यायचा राहिला होता. "बाकी काही नाही जी," ते स्टुलावर टेकत म्हणाले, "तिचा आवाज होता त्याच्यात."

मी माझा फोन धुंडाळला. मामींचा एकही मेसेज नव्हता. फोन जलद चालावा म्हणून दर शनिवारी जुनं सारं पुसायचं, हा मामाजींचाच नियम. शेजारचा हार्डवेअरवाला, पलीकडचा फोटो स्टुडिओवाला, सगळ्यांचे फोन लख्ख. या माणसाचं सगळ्यांनी इतकं मनावर घ्यायला नको होतं, असं पहिल्यांदाच वाटलं.

आमची शोधाशोध पाहून समोरच्या आलूबोंड्याच्या गाडीवरच्या कमलताई पदराला हात पुसत आल्या. मामाजींचा एकही सल्ला न ऐकलेली बाजारातली ती एकमेव बाई. "माह्या फोनात सारं तसंच पडलं हाय भाऊ. मले पुसताच येत नाही." मी बोटाने वर सरकवत गेलो. लग्नपत्रिका, आरत्या, नातवाचे फोटो... आणि मग मामी.

दुकानात दुसरी मोटर घरघरत होती. मी धावत जाऊन तीही बंद केली.

"कमल, आमचे हे तिथं हायेत का वं? असले तं सांग, येता-येता भाजीवर टाकाले संभाराची जुडी आना म्हना. अन् लोकायले जास्त शिकवू नोका म्हना."

मामाजींनी फोन कानाला लावला आणि पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. कमलताई गाडीवर तेल तापत ठेवून तशाच उभ्या होत्या.

"मामाजी," मी म्हटलं, "तुमचा नवा फोन आला की त्यावर पाठवतो हे. एका मिनिटाचं काम आहे."

"थांबा जी जरा," फोन कानाशी तसाच धरून ते म्हणाले. "आंदी आयकू द्या."