चौदा बुजवलेले खड्डे

ती घटना मी विसरलो नाही याचे कारण चौदा खड्डे, आणि त्यांतला एकही दिसत नव्हता.

साठ सालानंतरची गोष्ट. दिग्रसच्या बाजूला एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. गावाबाहेर मोठा माळ होता. बंजारा तांड्याची आणि गावाची मिळून सगळी गुरे तिथे चरत. तो माळ जिनिंग फॅक्टरीसाठी मागितला गेला आणि लोकांनी विरोधासाठी समिती केली. तांड्याचा नाईक अध्यक्ष, गावातले निवृत्त हेडमास्तर सचिव. सह्यांचा अर्ज यवतमाळला गेला होता, सुनावणी पंधरा दिवसांवर होती. तेवढ्यात मोजणी होऊन हद्दीचे चौदा दगड रोवले गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी चौदाही नाहीसे झाले.

फॅक्टरीच्या मुनिमाने फिर्याद दिली. मी जमादार, दोन पंच आणि मोजणीचा नकाशा घेऊन माळावर गेलो. दगडाच्या प्रत्येक जागेवर उभे राहिलो. सपाट जमीन.

जमादार म्हणाला, "साहेब, चोरानं गोटे नेले ते नेले, खड्डे बी घेऊन गेला काय?"

काठी टोचून पाहिली. माती भुसभुशीत लागली. प्रत्येक खड्डा भरून, पायाने दाबून, वर शेण आणि काडीकचरा पसरलेला. मला यादी केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून पंचनाम्यात सगळे घेतले: खड्डे चौदा, सर्व बुजवलेले, ताजे व जुने शेण, खुरांचे ठसे, नाल्याच्या पाण्याकडे जाणारी गुरांची रुळलेली वाट, झाडाखाली गुरे बसण्याची जागा. मुनीम कंटाळला. "शेण कायले लिहिता साहेब? चोर लिहा."

दुसऱ्या दिवशी खबर आली की नाल्याच्या कोरड्या भागात पळसाच्या फांद्यांखाली काहीतरी झाकले आहे. दगड तिथेच सापडले, मोजून चौदा. माल मिळाला, माणूस नाही.

तेव्हा मी खड्ड्यांचा विचार केला. चोराला घाई असते. चौदा ठिकाणी माती दाबत बसायला त्याला कोण सांगते? मी नाईकाला ठाण्यात बोलावले. आपसात ही मंडळी बंजाऱ्यांची गोरबोली बोलत, माझ्याशी वऱ्हाडी.

"मले गोट्याचं काही माहीत नाही," तो बसताबसताच म्हणाला.

"दगडांचं नाही विचारत. माळावर कोणी खड्डा खोदला, तर तुमच्या तांड्यात काय करतात?"

"ज्यानं खोदला त्यानंच दिवस बुडायच्या आत बुजवा लागते. ढोराचा पाय गेला म्हणजे ढोर गेलं. नाही बुजवला तं पंचायतीत उभा राहा."

"मग हे चौदा कोणी बुजवले?"

तो हसला. "बुजवले तेच चुकलं म्हणता का साहेब?"

"ज्यानं बुजवले त्यानं दगड काढले, एवढंच म्हणतो."

"तं मंग लिवा माह्यं नाव. एकट्याचं."

जमादार म्हणाला, "नाईक, एका गोट्याले दोन माणसं लागतात!"

"आमच्या बापानं बैलावर गोण्या लादल्या जमादार. हाड तेच हाय."

हे चालू असतानाच हेडमास्तर छत्री घेऊन दारात उभे राहिले. "ठाणेदारसाहेब, माझंही नाव घ्या. नकाशावरून जागा मी दाखवल्या. दोन दगड उचललेही, त्यानं कंबर धरली आहे."

नाईक भडकला. "गुरुजी, तुम्ही काहून आले? म्या सांगतलं होतं ना, घरी राहा!"

"अर्जावर सचिव म्हणून सही माझी आहे," गुरुजी म्हणाले आणि बाकावर जपून बसले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. दोघांनी ती मॅजिस्ट्रेटपुढे दिली. तिसरे नाव शेवटपर्यंत निघाले नाही. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. माझ्या लेखी प्रकरण संपले.

यवतमाळच्या सुनावणीला मला बोलावणे आले तेव्हा आश्चर्य वाटले. फॅक्टरीच्या वकिलांचे म्हणणे होते की माळ पडीक आहे, कोणाच्याही वापरात नाही. गुरांची गोष्ट अर्जापुरती रचलेली आहे. गुरुजींनी उठून एक कागद पुढे केला. माझ्या पंचनाम्याची नक्कल. फॅक्टरीच्याच फिर्यादीवरून केलेला, फॅक्टरीच्याच मुनिमासमोर लिहिलेला.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो सावकाश वाचला. "हे शेण, ही वाट, हे खड्डे तुम्हीच पाहिले?"

"होय साहेब."

ते वकिलांकडे वळले. "ज्या जागेवर एकही जनावर येत नाही, तिथले चौदा खड्डे कोणी कशाला बुजवील?"

माळ गुरचरणीसाठी कायम राहिला, फॅक्टरी दुसरीकडे गेली.

बाहेर नाईकाने मला गाठले. "साहेब, तुमच्याच कागदानं आमाले दंड बसवला आन् तुमच्याच कागदानं माळ वाचवला. तुम्ही हाय तरी कोणाकडून?"

तो पंचनामा मी आरोपी धरण्यासाठी लिहिला होता, माळासाठी नव्हे. पुढे नवीन शिपायांना मी एकच सांगत आलो: दिसेल ते सगळे लिहा, शेणसुद्धा. ते कोणाच्या कामी येईल हे लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते.

मुद्देमालातले दगड मोजणी खात्याने परत नेले आणि माळाच्या कडेने गुरचरणीची हद्द म्हणून रोवले. खड्डे खोदायला नाईक कुदळ घेऊन आला होता. गुरुजी नकाशा धरून उभे होते. उचलायचे काम त्यांना कोणी सांगितले नाही.