इंजिनाच्या खोलीतली आठ फडकी

पवनचक्कीचा विषय निघाला की कुणीतरी शहाणा म्हणतोच, "महागडं खेळणं ते, त्यानं काय धूर कमी होतो?" माझं डोकंच फिरतं. अरे बाबा, तू मोजलंयस का कधी? माझ्या मामीनं मोजलं होतं. ठकूबाई तिचं नाव. शाळेची पायरी कधी चढली नाही, आणि मोजलं ते जुन्या धोतराच्या फडक्यांवर.

कडावजवळच्या आमच्या बौद्धवाडीत बारा घरांची मिळून एक विहीर. तिच्यावर डिझेलचं इंजिन, आणि ते चालवायचा माझा मामा, श्रीपत. भात निघालं की त्या पाण्यावर भेंडी, गवार, काकडी व्हायची. इंजिनाची खोली म्हणजे चार भिंती आणि एक झरोका. बारा वर्षं मामा त्या धुरात उभा राहिला. पुढे पुढे तो जेवायला बसला की असा खोकायचा, हातातला घास हातातच राहायचा. डॉक्टर म्हणाले, धूर सोडा. सोडा म्हणे! मग पाणी काय डॉक्टर ओढणार होते?

१९७९ साली एका संस्थेनं आमच्या विहिरीवर पाणी ओढायची पवनचक्की उभी केली. संस्थेचे साहेब म्हणाले, "एक उन्हाळा बघू. डिझेल गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आलं तर चक्की तुमची. नाही आलं तर काढून दुसऱ्या गावाला देऊ." वाडीत लागलीच दोन तट पडले. मामाचा चुलतभाऊ आबाजी म्हणाला, "या लोखंडाच्या पैशात दहा वरसं डिझेल आलं असतं. आनि वारा पडला का इंजिन लावायचंच हाय."

मामी उसळली. "आनि ह्यांच्या छातीचा भाव कोन लावनार? तू?"

पण आबाजीचं बोलणं तिच्या डोक्यात घर करून बसलं. खरंच, धूर कमी होतो का? किती होतो? तिनं मामाचं पांढरं धोतर फाडून आठ सारखे तुकडे केले. एका शनिवारी एक तुकडा झरोक्यात बांधायचा, पुढच्या शनिवारी तो सोडून दुसरा बांधायचा. वाडी हसली. मामा तर म्हणाला, "अगं, मला नेसायला तरी ठेव काय!"

पहिले चार तुकडे काळेकुट्ट. चक्की फिरतेय, पाणी पडतंय, आणि फडकं तव्याच्या बुडासारखं. हे कसं काय? मामी हिरमुसली, पण गप्प बसणारी बाई नव्हती ती. खळ्यावर भात उपणायला सगळ्यांना तीच लागायची. मूठभर भुसकट हवेत सोडायची आणि वारा कधी उठेल ते सांगायची. तसंच भुसकट घेऊन ती विहिरीवर जायला लागली, पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला. आणि एक दिवस तिनं माझ्यासमोरच कपाळावर हात मारून घेतला.

"गोदा, आमीच येडे गं! वारा येतोय दुपार कलल्यावर, आनि आमी शिपतोय पाटचं!"

पहाटे शिंपणं ही आमच्याकडची रीतच. त्या वेळी चक्की मुकाट उभी, म्हणून मामा इंजिन लावायचा. दुपारी वारा सुटला की चक्की गरगरायची, पण तेव्हा पाणी घ्यायला कुणी नाही. टाकी लहान, ती भरून पाणी परत विहिरीत. मामीनं फर्मान काढलं, संध्याकाळी शिंपा. झाली बोंबाबोंब! संध्याकाळ म्हणजे विहारात वंदनेची वेळ. मामी म्हणाली, "वंदना दिवे लागल्यावर करू. बुद्ध काय घड्याळ बघून बसलेत?" दोन दिवस कुरकुर झाली, मग सगळे आले.

पाचवं फडकं राखाडी निघालं. सहावं त्याहून फिकं. सातवं हातात घेऊन मामी चक्क रडली.

आठव्या आठवड्यात वारा पडला. चार दिवस पान हललं नाही, चारही दिवस इंजिनाची धडधड. शनिवारी मी मामीबरोबर गेले, तर फडकं पांढरंशुभ्र! मी टाळ्या पिटल्या. मामी मात्र सुतळीच्या गाठीकडे बघत राहिली. ती गाठ तिची नव्हती. बैलाच्या दाव्याला मामा मारायचा तशी होती. तिनं ती सोडली नाही, विळ्यानं सुतळी वरून कापली आणि फडकं तसंच घरी आणलं.

"इंजिन लावताना काढून ठेवत व्हता ना?"

मामा खाली बघत म्हणाला, "व्हय. काळं फडकं बगून तुझं तोंड उतरतं. मला बगवत नाय."

"मला फसवून तुमची छाती बरी व्हनार हाय?" मामी तडकली. मग बराच वेळ त्याची पाठ चोळत बसली.

साहेब आले. सगळ्या उन्हाळ्याचं डिझेल मोजलं. तिसरा हिस्सा कमी भरलं, निम्मं नाही. "बाई, अट ती अट," ते म्हणाले. मामीनं अंगणात फडकी ओळीनं मांडली.

"साहेब, ही पयली चार आमच्या चुकीची. ही तीन शिपनं बदलल्यावरची. आनि हे आठवं खोटं हाय, ते धरू नका. त्या आठवड्यात वारा नव्हता, इंजिनच चाललंय."

साहेब उकिडवे बसले. एकेक फडकं उजेडात धरून पाहिलं. "खोटं आहे हे कशाला सांगितलंत? मला कळलंही नसतं."

"मंग बाकीची सात खरी, हे तुमाला कसं कळलं असतं?"

साहेबांनी आणखी एक उन्हाळा दिला. जाताना म्हणाले, सगळी फडकी द्या, अहवालाला जोडतो. मामीनं सात दिली. "आठवं मोजायचं नाय," म्हणाली आणि पदराखाली धरलं.

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या दिवसापासून संध्याकाळी शिंपलं. डिझेल निम्म्याखाली आलं, चक्की राहिली. वारा पडला की इंजिन अजूनही लागतं, आबाजीचं तेवढं खरं. मामाचा खोकलाही गेला नाही, पण आता घास तोंडापर्यंत पोचतो.

परवा मामी पेटीतून मला लुगडं काढून देत होती, तर तळाशी ते पांढरं फडकं दिसलं. मी म्हटलं, "मामी, हे खोटं फडकं कशाला जपलंस गं?" मामी बाहेर ओट्यावर बसलेल्या मामाकडे बघून लाजली. साठीची बाई, लाजली! त्याची गाठ तिनं अजून सोडलेली नाही.