त्या दिवशी क्रेन काढली

सकाळी आम्ही दोघांनी मिळून चादरीच्या घड्या घातल्या. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती म्हणाली, "अहो, जन्मभर गवंडीकाम केलं आणि चादरीचे कोपरे जुळत नाहीत होय तुमचे?" मी कोपरे परत जुळवले. आमच्यातलं ते शेवटचं साधंसुधं काम. त्यानंतर ती चार वर्षं जगली, पण त्या चार वर्षांत साधं असं काही राहिलं नाही.

का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. तिला तर नाहीच — आणि आता ती जाऊन आठ महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस, मला गोल गोल लिहिता येत नाही. तरी बघा, गोल गोलच चाललंय.

आमचा महेश परदेशात, आइंडहोवनला नोकरीला. शहराच्या कडेला नवी वस्ती उठत होती, तिथं त्यानं घर घेतलं. उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडं जायचो. काय ती वस्ती! शेताडीत रस्ते आखायचे आणि ओळीच्या ओळी उभ्या करायच्या — तीच वीट, तेच छप्पर, तोच करडा दरवाजा. ओळी इकडं संपल्या की तिकडं सुरू. अरे, माणसानं आपलं घर ओळखायचं कशावरून? आणि भिंत तर खिडकीसकट ट्रकवरून यायची. ना ओळंबा, ना थापी. मी रोज कुंपणाला टेकून बघत उभा. दुसरं करणार काय?

तिचं मात्र बरं चाललं होतं. बसस्टॉपवर पुण्याच्या दोन पोरी भेटल्या, नवऱ्यांबरोबर तिथं आलेल्या. काकू, पुरणपोळी शिकवा. काकू, दिवाळीचं सांगा. दर मंगळवारी ही बसनं एकटी जायची. रस्त्यांची नावं तिला वाचता येत नव्हती, घराचा आकडा यायचा. मग मीच खूण दिली — बसमधून उतरलीस की उंच पिवळी क्रेन बघ, तिच्याकडं तोंड करून चाल, तिच्या पायाशी आपली ओळ. गवंड्यानं दिलेली खूण ती! बांधकामावरची क्रेन कायमची नसते, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. चाळीस वर्षं बांधकामावर काढलेला माणूस मी.

नुसतं कळत नव्हतं, माहीत होतं. कामावरचा एक पोलंडचा माणूस माझ्याशी खुणांनी बोलायचा. सोमवारी त्यानं क्रेनकडं बोट केलं, मग हात खाली आणला, गालाखाली तळवा घेऊन झोपेची खूण केली — उद्या उतरवणार. मंगळवारी चादरीच्या घड्या घालताना मला ते माहीत होतं. मी बोललो नाही.

का? मला राग होता. घरात मला कोण विचारत होतं? आणि हिला माणसं बोलावतात, ही पर्स अडकवून निघते, जाताना वर म्हणते, "बसा तुम्ही तुमच्या क्रेनपाशी." मनात आलं, चुकू दे जरा. कळू दे.

दुपारी क्रेन तुकड्यातुकड्यानं खाली आली. मी समोर उभा राहून बघितली. चारची बस मला ठाऊक होती. स्टॉप पाच मिनिटांवर. घरातला एकच जादा फोन, तोही माझ्याच खिशात. पाच वाजले. सहा वाजले. मी कुंपणापाशीच.

साडेसातला एका डच बाईनं तिला आणलं. एका हातानं सायकल ढकलत, दुसऱ्या हातानं हिचा दंड धरून. ही पावसानं चिंब, पायात एकच चप्पल. साडेतीन तास त्या सारख्या ओळींतून फिरली होती, लोकांच्या दरवाजांवरचे आकडे वाचत. आत येऊन एवढंच म्हणाली, "अहो, क्रेनच नव्हती."

महेश माझ्याकडं बघत होता. आणि मी — तिच्याकडं बघून, चढ्या आवाजात — म्हणालो, "सकाळीच सांगितलं नव्हतं का तुला, आज क्रेन काढणार म्हणून? चादर धरली होतीस तेव्हा?"

तिनं आठवून बघितलं. खरंच बघितलं हो, कपाळाला हात लावून. कामाच्या बाबतीत मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो, हे तिला पक्कं ठाऊक. मग बारीक आवाजात म्हणाली, "सांगितलं असेल. मीच विसरले."

त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा भरवसा गेला. बसचं कार्ड तिनं सुनेला देऊन टाकलं. पोरींचे फोन यायचे, ही घ्यायची नाही. गावी परतल्यावरही तेच. अहो, मीठ घातलं का मी? अहो, कडी लावली का? दिवसातून दहादा. मीठ घातलेलं असायचं, कडीही लावलेली असायची. तिचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. गेली ती हृदयानं. पण स्वतःला वेडी समजत गेली, आणि ती वेडी नाही हे जगात एकट्या मला माहीत होतं. चार वर्षं ती विचारत राहिली आणि मी "घातलंस गं" म्हणत राहिलो. वर वैतागायचो!

क्रेन काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महेश तिला डॉक्टरकडं घेऊन गेला. मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला वार विचारला, महिना विचारला. तिनं सगळं बरोबर सांगितलं. मग बाई माझ्याकडं वळल्या आणि महेशनं मराठीत विचारलं, "बाबा, आई घरी पण विसरते का?"

ती माझ्याकडं बघत होती.

मी हो म्हणालो. वर दोन दाखले दिले — गॅस चालू ठेवते, नातवाचं नाव चुकते. दोन्ही त्याच जागी बसून बनवलेले.