अलाइनमेंटच्या आड आलेली गुहा

साहेब कमरेपर्यंत गुहेत होते. कमरेखालचे साहेब बाहेर, माझ्यासमोर लोंबकळत होते.

"ओव्हरसिअर, ओढा!" आतून आवाज आला.

मी ओढलं. बूट हातात आला. साहेब तिथेच.

जर्मन लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. मी रस्त्यांच्या कामावर ओव्हरसिअर होतो. ओव्हरसिअर म्हणजे इंजिनिअर साहेबांनी कागदावर मारलेली रेघ उन्हातान्हात जमिनीवर मारणारा माणूस. रेवदंड्याच्या बाजूला समुद्रालगत एक घळ आहे. दोन्हीकडे काळा कातळ, मधून भरतीचं पाणी आत शिरतं. रस्त्याची आखणी, म्हणजे आमची अलाइनमेंट, या घळीच्या कडेने जात होती. त्यासाठी गुहेचं तोंड सुरुंगाने उडवायचं होतं.

गावाने अर्ज केला. गुहेत गोड्या पाण्याचा झरा आहे, विहिरी आटल्या की गाव त्यावरच जगतं. शिवाय फिरंग्यांच्या लढाईत आमचे वाडवडील तिथेच लपून वाचले. सुरुंग लावू नये.

साहेब म्हणाले, "कोकणातल्या प्रत्येक भोकात कुणीतरी लपलेलं असतंच. चला, पाहून नामंजूर करू."

मलाही तेच हवं होतं. तीन आठवडे खपून मी त्या रेघेवर खुंट्या ठोकल्या होत्या.

वाट दाखवायला गावातली काशीकाकी आली. सत्तरीची, काटकुळी, पायात काही नाही. तिने गुहेचं तोंड दाखवलं. छातीच्या उंचीवर कातळात एक आडवी फट. साहेब हसले.

"यात अख्खं गाव?"

"आत मोठी हाय, सायेब. तोंडच बारीक. शिरायची रीत हाय, मी दावते—"

"रीत कसली? व्हा बाजूला." साहेब कोटासकट घुसले आणि अडकले.

तेवढ्यात माझ्या पायाला पाणी लागलं. काकीने समुद्राकडे पाहिलं. "भरती लागली. आता घळीतनं माघारी जाता येनार न्हाय."

"पाणी कुठवर आलंय?" आतून आवाज.

"गुडघ्यापर्यंत, साहेब."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मग साहेबांनी पहिल्यांदाच काकीला विचारलं, "बाई, ती रीत काय?"

"उजवा हात डोईवर. डावा मांडीशी. आन् छातीतला वारा समदा सोडा. बोलू नका, बोललं की पोट फुगतं."

साहेबांनी श्वास सोडला. आम्ही दोघांनी तळपायांना रेटा दिला. कोट टरकला, बटणं उडाली, साहेब आत पडले. पाणी कमरेला आल्यावर आम्हीही त्यांच्या मागे शिरलो. काकी तर पाण्यातल्या विरोळा सापासारखी सुळकन गेली.

तिने आत ठेवलेला कंदील लावला. आमच्या कचेरीसारख्या चार कचेऱ्या मावतील एवढी ती गुहा होती. छत धुराने काळं. खाली ओळीने चुलींचे दगड. कोपऱ्यात झरा.

"माझी आजेसासू सांगायची," काकी म्हणाली. "बंदूक घेऊन कुनाला आत येता येत न्हाय. येईल त्याचं पयलं डोकंच येतं. आन् बाया हितं वरवंटे घेऊन उभ्या."

साहेबांनी नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

भरतीचं पाणी फटीच्या खालीच थांबलं. ओहोटी होईस्तोवर आम्ही तिथेच बसलो. काकीने भाकरी आणि सुकट काढली. साहेब मासळीला शिवत नसत. त्या दिवशी शिवले, आणि पुन्हा मागून घेतली. झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायले. निघताना अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. नामंजूर हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

चार दिवसांनी त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे सहीला टाकला. 'घळीतला कातळ भेगाळलेला असून सुरुंग धोक्याचा. अलाइनमेंट आत सरकवावी.'

"साहेब, कातळ तर अखंड आहे."

"मग काय लिहू? इंजिनिअर अडकला आणि म्हातारीने सोडवला?"

मी सही केली. साऱ्या खुंट्या उपटून नव्याने ठोकल्या. रस्ता दोन वळणं घेऊन आतून गेला, आणि गाडीवाले त्या वळणांवर आमच्या नावाने शिव्या देत राहिले. गावाने उन्हाळ्यात पाणी भरलं.

नोकरीत मी एवढंच शिकलो. रिपोर्टात कारणासाठी रकाना असतो. खऱ्या कारणासाठी नसतो.