बुडीदादाची टाच

पाठीवर हवेचं सिलिंडर, हातात तोंडाला लावायची नळी, आणि तरीही बुडीदादा पाण्यात उतरण्याआधी छाती फुटेल इतका श्वास भरून घ्यायचा. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. बोटीवरचे पाहुणे हसायचे. त्यांना पाण्याखाली नेणाऱ्या मॅडम केरळच्या होत्या. त्या कपाळावर हात मारून म्हणायच्या, "दादा, साँस रोकना मना है! हवा है ना आपके पास!" दादा मान डोलवायचा आणि कोंडलेला श्वास तसाच घेऊन पाण्यात जायचा. वर आल्यावर मला म्हणायचा, "हवा हाय, ठावं हाय मला. पर ती डब्यातली. तिच्यावर इस्वास कसा ठेवायचा?"

बोट अंदमानची. पाहुणे आठवडाभर तिच्यावरच राहायचे, जेवायचे, झोपायचे. बोट एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे जायची आणि ते दिवसातून तीन-चारदा पाण्याखाली जाऊन प्रवाळ बघून यायचे. मी तिथे आचारी होतो. आमचं घर खोडाळ्याचं, वडील शिक्षक. त्यांना मला तलाठी झालेला बघायचं होतं आणि मी हॉटेलचा कोर्स करून समुद्रात जाऊन पडलो. पहिल्याच फेरीत डेकवर कुणाच्या तरी पायावर सिलिंडर पडलं आणि त्या माणसाने जी शिवी घातली, ती ऐकून मी हातातला झारा टाकून बाहेर धावलो. मोखाड्याचा बाजार सोडला तर ती शिवी कुठे ऐकायला मिळत नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसलो. एवढ्या लांब आपलं माणूस भेटल्यावर दुसरं काय करणार?

तो वाघ नदीच्या काठच्या पाड्यावरचा. डोहात कुणी बुडालं की आधी त्याच्या बापाला हाक जायची, बाप गेल्यावर याला. नाव त्यावरूनच पडलं. पण बुडालेली माणसं काढून पोट भरत नाही. म्हणून त्याने खाडीत बुड्या मारून बादलीने रेती काढली. रेती बंद झाल्यावर एका ठेकेदाराने धक्क्याच्या कामावर अंदमानला नेलं आणि तिथून तो बोटीवर आला. पाण्यातली त्याची सफाई बघून मॅडमनी त्याला सिलिंडर लावून उतरायला शिकवलं. काम एवढंच, की पाहुण्यांच्या सगळ्यात मागे राहायचं आणि कुणाला काही झालं तर बघायचं.

हे काम त्याच्या रक्तातलं होतं आणि तिथेच घात होता. डोहातली रीत त्याने मला चुलीपुढे बसून कितीदा सांगितली असेल. "पान्यात गावलेल्या मानसाला इचारत बसायचं नसतं. धरायचं, तळाला टाच हानायची नि वर. मधी थांबायचं नाय. थांबला तो मेला." बोटीवरचा नियम नेमका उलटा. खाली सिलिंडरची हवा घेतलेल्या माणसाने हळूहळू वर यायचं, डोक्यावर थोडंच पाणी उरलं की दोरी धरून थांबायचं, नाहीतर अंगात मुरलेली हवा रक्तात बुडबुडे धरते. मॅडमनी सोड्याची बाटली हलवून, झाकण उघडून त्याला दाखवलं होतं. रोजच्या बुडीला तो दोरी धरून मुकाट थांबायचाही. पण तेव्हा त्याच्या हातात कुणी नसायचं.

धाकट्या भावाचं त्याने एकदाच सांगितलं. भाऊ डोहात गेला तेव्हा दादा काठालाच होता, पण तो चुकीच्या अंगाला शोधत राहिला. "वर आनला तवा अंग ऊन हुतं रं," तो म्हणाला. "जरा आधी आनला असता तर." मी कांदा चिरत होतो, तो तसाच ठेवला. 

प्रवाळाचं त्याला कौतुक होतं, पण आपल्या पद्धतीने. पाहुणे वर येऊन डोळे मिटून बसायचे, काही तर रडायचे. दादा म्हणायचा, "एवढा रंग सांडलाय खाली नि खायाला एक दाना नाय." एका जातीच्या प्रवाळाची टोकं मुठीसारखी आत वळलेली होती. नाचणीच्या कणसासारखी, म्हणून त्याला तो 'नागली' म्हणायचा. पुढे मॅडमही म्हणायला लागल्या. मी घरून नागलीचं पीठ नेलं की आम्ही दोघे इंजिनाच्या बाजूला बसून भाकरी खायचो. त्या वेळी तो हटकून म्हणायचा, की चार पैसे गाठीला आले की एक सिलिंडर गावाला न्यायचं, म्हणजे डोहातल्या माणसाला तळाशी वाट बघत पडावं लागणार नाही.

त्या दिवशी एक धिप्पाड पाहुणा खोल पाण्यात एकाएकी ढिला पडला. पुढे गेलेल्या मॅडम वळून येईपर्यंत दादाने त्याला पट्ट्याला धरलं, तळाला टाच हाणली आणि बाणासारखा वर नेला. पाहुणा डेकवर ओकला, रडला, ऑक्सिजन घेऊन संध्याकाळी माझ्या हातचा चहाही प्यायला. सगळी बोट त्याच्याभोवती होती. दादा इंजिनाच्या गरम भिंतीला पाय लावून एकटाच हसत बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "मुंग्या आल्यात. डोहातनं निगालं की असंच होतं. शेकलं की जातंय." थंड पाण्यातून आलेल्या माणसाने विस्तवाला पाय शेकायचे, एवढंच त्याला ठाऊक होतं. म्हणून तो कुणाला काही न सांगता शेकत बसला. जेवायला उठायला गेला तेव्हा कमरेखाली काही उरलं नव्हतं.

बंदर लांब होतं. तिथल्या दवाखान्यात रक्तातले बुडबुडे विरावेत म्हणून त्याला दाबाच्या लोखंडी खोलीत पुन्हापुन्हा ठेवलं. एकदम वर आलेल्या दोघांत बुडबुडे कुणाला धरतील याचा नेम नसतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी हात राखला नाही, पण पाय परतले नाहीत. बाहेरच्या बाकावर मॅडम माझ्याशेजारी बसल्या होत्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "उस गेस्ट को सिर्फ चक्कर आया था. नली मुँह में थी, साँस चल रही थी. धीरे लाते, तो भी बच जाता." मग माझा हात धरून म्हणाल्या, "दादा को मत बताना." मला त्यांचा राग आला. हे सांगून त्या मोकळ्या झाल्या आणि ओझं माझ्या गळ्यात आलं.

त्याला मीच घरी पोचवला. पाहुण्याचे सुरुवातीला फोन यायचे. पडद्यावर तो हात जोडायचा आणि दादा लाजून तोंड फिरवायचा. पुढे फोन थांबले. ओट्यावरच्या खाटेवर पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, आणि गेल्या थंडीत त्यातच तो गेला. मी पोचेपर्यंत राखही थंड झाली होती. पण मला तो आठवतो त्याच्या आधीच्या नवरात्राच्या तोंडावरचा, मी सुट्टीवर होतो तेव्हाचा.

घटाआधी गोधड्या धुवायला बायका नदीवर जातात. पाड्यावरची एक नवी सून भिजलेली गोधडी ओढताना तोल जाऊन डोहात गेली. माणसं ओरडत धावली ती सवयीने थेट दादाच्या अंगणात. "बुडीदादा, चल लवकर!" आणि खाटेकडे बघून जागीच थबकली. तोच म्हणाला, "न्या की मला. बसून सांगतो."

खाटेसकट उचलून त्याला काठावर नेला आणि कातळावर टेकवून बसवला. पोहणारे गडी उतरले. दादा ओरडून सांगत होता, "कपारीला बगा! गोधडी कुटं अडकली ती बगा, तिच्यातच आसल!" गडी बुडी मारत, तेव्हा तोही छाती भरून श्वास घ्यायचा आणि त्यांचं डोकं वर दिसेपर्यंत सोडायचा नाही. दर वेळी हात रिकामे. तिचा नवरा पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा होता. शेवटी पोलिसांनी पालघरहून माणसं मागवली. ती सकाळी येणार होती.

ऊन उतरलं. दादाने माझ्याकडे न बघता विचारलं, "मी हळू आलो आसतो तर माजं पाय ऱ्हायलं आसतं ना?"

"हो."

"आन तो पावना?"

"नसता वाचला, दादा."

 "मंग कामी आलं," म्हणाला. "कुनीतरी येळंवर वर आला."

समोर पाण्यावर गोधडी तेवढी सुटून आली होती. ती बघितल्यावर त्याने पुन्हा छाती भरून श्वास घेतला, दोन्ही हातांनी आपला उजवा पाय उचलला आणि टाच कातळावर हाणली. परत हाणली. मी हात धरेपर्यंत टाचेतून रक्त वाहत होतं. त्याला त्याचा पत्ता नव्हता. आपण वर निघायची तो वाट बघत होता.